नारळ पडायच्या आधी

जयवंतराव घाडी गिरणीत आगीच्या बादल्या सांभाळायचे. हे काम काय असतं ते आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरच उभा आहे. गिरणीच्या प्रत्येक खात्यात भिंतीला लाल रंगाच्या, वाळूने भरलेल्या बादल्या टांगलेल्या असत. त्यांचा तळ गोल असे. गोल का, तर सपाट तळाची बादली माणसं खाली ठेवतात, तिच्यात पाणी भरतात, पाय धुतात आणि एक दिवस घरी घेऊन जातात. गोल तळाची बादली खाली ठेवली की लवंडते, म्हणून ती पळवावी असं कुणाला वाटत नाही. त्या बादल्यांतली वाळू कोरडी आहे ना, कुणी तिच्यात विड्या खोचून ठेवल्या नाहीत ना, हे जयवंतराव रोज पाहत आणि संध्याकाळी साहेबांसमोर उभे राहून सांगत, "काही झालं नाही."

नोकरीभर त्यांनी हेच एक वाक्य सांगितलं, आणि ते दर वेळी खरं निघालं. पण लोकांचा न्याय मोठा विचित्र असतो. आग विझवणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो आणि जो आग लागूच देत नाही त्याला विचारतात, मग तुम्ही तिथे करत काय होता? हा प्रश्न जयवंतरावांना सासुरवाडीत विचारला गेला होता, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला होता, आणि शेजारचा लवू तर चहाबरोबर बिस्किट घ्यावं तसा तो रोज विचारायचा. पुढे गिरणी बंद पडली. तीही आगीने नाही, संपाने. आणि संपावर वाळू टाकून चालत नाही. निघताना एका जुन्या साहेबाने त्यांना त्यांचीच एक लाल बादली भेट दिली. मुंबईत नाहूरच्या घरी ती वाळू भरून गॅलरीत खुंटीला टांगलेली असे. त्यांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, एकदा तिच्यात कांदे ठेवले, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

तर अशा माणसाच्या डोक्याशेजारी एका सकाळी नारळ पडला.

बिल्डिंगच्या समोर पालिकेची बालवाडी होती. बालवाडीच्या फाटकाशी पालिकेचाच एक उंच माड होता आणि माडाच्या बुंध्याला लागून सिमेंटचा बाक. मुलांना सावली मिळावी म्हणून तो तिथे बांधलाय, असं बाकाच्या पाठीवर कोरलं होतं. माडाची सावली म्हणजे छत्रीच्या दांड्याची सावली, पण बांधणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असल्यामुळे बाक हलवायची सोय नव्हती. फाटक उघडेपर्यंत लहान मुलं त्या बाकावर ओळीने बसून राहत. मुलं यायच्या आधी जयवंतराव तिथे पेपर वाचत. त्या दिवशी वनमालाबाईंनी गॅलरीतून "अहो, दूध" अशी हाक मारली. जयवंतराव उठले, चार पावलं गेले आणि मागे धप्प झालं. वळून पाहतात तो त्यांच्या पेपरावर, अगदी ते बसले होते तिथे, एक न सोललेला, ऐन भरातला नारळ.

बिल्डिंग गोळा झाली. सगळ्यांनी पेपर पाहिला, नारळ पाहिला, जयवंतरावांना मागून-पुढून पाहिलं आणि एकमताने निकाल दिला, की काही झालेलं नाही.

"होणारच नव्हतं," लवू म्हणाला. लवू मालवणकडचा. माडांच्या बाबतीत त्याचा शब्द बिल्डिंगमध्ये शेवटचा मानला जाई. "नारळाक डोळे असतत, जयवंता. माणूस बघून पडता तो. तू उठेपर्यंत तो वर थांबलेलो."

आता कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. नारळाच्या शेंडीखाली डोळे असतात आणि त्यांनी तो खाली बघतो, हे तो आईच्या दुधाबरोबर शिकतो. जयवंतरावही कोकणातलेच, सावंतवाडीकडचे. त्यांचाही त्यावर विश्वास होता. पण बादल्या सांभाळून सांभाळून त्यांच्या मनात एक खोड शिरली होती. ते म्हणाले, "लवू, डोळे आहेत हे कबूल. पण ते शेंडीखाली आहेत आणि शेंडी वरच्या बाजूला. पडताना तो बघतो आकाशाकडे."

लवूने हा विचार केलेला नव्हता. म्हणून तो रागावला.

दुसऱ्या दिवशी जयवंतराव पालिकेच्या टेकडी वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे उद्यान खात्यात त्यांच्याच बिल्डिंगमधला भीमराज कारकून होता. मुलगा हुशार, कामाचा, आणि घाडीकाकांवर माया करणारा. पण टेबलाच्या पलीकडे बसला की तो पालिकेचा होई. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अपघात कधी झाला ते विचारलं.

"व्हायचाय," जयवंतराव म्हणाले.

भीमराजने पेन खाली ठेवलं. मग त्याने जे समजावून सांगितलं ते असं. झाड उद्यान खात्याचं. झाडाचं फळ मालमत्ता खात्याचं. बाक आणि फुटपाथ रस्ते खात्याकडे. नारळ जमिनीवर पडला की तो कचरा, म्हणजे घनकचरा खातं. माणसाचं डोकं आरोग्य खात्याकडे, पण ते फुटल्यावर.

"आणि देठापासून डोक्यापर्यंत?" जयवंतरावांनी विचारलं. "मधल्या वेळात नारळ कुणाचा?"

भीमराजने छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "काका, मधला वेळ कुणाकडेच नाही."

नेमका हाच वेळ जयवंतरावांनी आयुष्यभर सांभाळला होता. आग लागायच्या आधीचा. तो कुणाच्याच खात्यात नाही, हे ऐकून त्यांना आपली सगळी नोकरी कुणी पायाखाली घेतल्यासारखं वाटलं. ते उठले आणि म्हणाले, की पालिकेने एकदा, फक्त एकदा, काही व्हायच्या आधी काहीतरी करून दाखवावं, नाहीतर मी या ऑफिसची पायरी सोडणार नाही. भीमराज म्हणाला, पायरीवर बसू नका काका, तिचा कठडा सैल आहे.

घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. तळमजल्यावरच्या जानकीबाई म्हणाल्या, देवाला घालतात तसं माडालाच गाऱ्हाणं घाला. कुणी म्हणालं, जाळी बांधा. जाळी बांधायला उद्यान खात्याची परवानगी लागते आणि ती झाडाला इजा होईल म्हणून मिळत नाही, असं भीमराजने जिन्यातून जाता जाता सांगितलं. मग सगळ्यांनी लवूकडे पाहिलं. गावी आपण माडावर कसे सरसर चढायचो हे त्याने दर गणपतीत सांगितलेलं होतं. लवू लुंगी आवळून माडाला भिडला, पुरुषभर चढला आणि तिथेच थांबला. त्याला वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. बुंध्याला मिठी मारून तो खाली जमलेल्यांना मालवणचे माड आणि मुंबईचे माड यांतला फरक समजावत राहिला, तोवर रंगाऱ्याची शिडी आली. शिडीवरून उतरताना त्याने जाहीर केलं, की चढलो असतो, पण पालिकेचा नारळ काढणं ही चोरी, आणि आपण इज्जतीने राहणारी माणसं.

शेवटी उपाय जयवंतरावांच्या गॅलरीतच टांगलेला होता. त्यांनी लाल बादली काढली, वाळू कुंडीत ओतली, आत जुनं धोतर घडी करून घट्ट बसवलं आणि बादली डोक्यावर पालथी घातली. गोल तळ डोक्यावर असा बसला की जणू मापाने केलेला, आणि कडी हनुवटीखाली. बालवाडी भरायच्या वेळी ते माडाखाली उभे राहिले आणि एकेका मुलाला बादलीच्या आडोशाने फाटकातून आत सोडू लागले. वनमालाबाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं ते दुपारपर्यंत उघडलं नाही.

मोठ्यांना जे वेड वाटतं ते मुलांना लगेच पटतं, हे ज्यांनी मुलांना शिकवलंय त्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी दोन मुलं डोक्यावर पातेली घालून आली. तिसऱ्या दिवशी सगळी बालवाडी शिरस्त्राणं घालून आली. कुणाच्या डोक्यावर टोप, कुणाच्या चाळण, एकाच्या डोक्यावर आजीचं पुरणयंत्र, ज्यातून त्याला काहीच दिसत नव्हतं. बालवाडीच्या मालनताईंनी सगळी भांडी काढून ओळीने लावायला सांगितली, तर घरी जाताना कुणाचं कुठलं ते कळेना आणि पातेल्यांची अदलाबदल झाली. बिल्डिंगमध्ये भात शिजवायला टोप नाही, दूध तापवायला पातेलं नाही. जानकीबाईंची चाळण तिसऱ्या मजल्यावर सापडली आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. त्यातच शकू नावाच्या चिमुरडीने तुपाचा रिकामा डबा डोक्यात घातला तो निघेचना. ती आतून शांतपणे बडबडगीत म्हणत होती आणि बाहेर तिची आई रडत होती. वनमालाबाईंनी डब्याच्या कडेने खोबरेल तेल सोडलं, दोन्ही हातांनी हळूहळू फिरवलं आणि डबा सुटला.

"सगळं तुमच्या त्या बादलीमुळे," त्या संध्याकाळी म्हणाल्या.

"पण नारळ कुणाच्या डोक्यात पडला का?" जयवंतरावांनी विचारलं.

"आधी तरी कुठे पडत होता?"

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

भांड्यांची तक्रार मात्र वॉर्ड ऑफिसात गेली, कारण ती झालेल्या गोष्टीची होती. साहेबांनी जयवंतरावांना बोलावणं धाडलं. चंद्रप्रकाश साहेब नवीन होते, इस्त्रीचा सफारी घालणारे आणि प्रत्येक गोष्ट पुराव्याने सिद्ध व्हावी असं मानणारे. त्यांनी जयवंतरावांना अगदी सौजन्याने सांगितलं, की धोका आहे असं म्हणणं सोपं असतं, सिद्ध करा. जयवंतराव या एका शब्दाची वाट पाहत होते.

सिद्धतेची तयारी अशी झाली. ऑफिसच्या मागच्या अंगणात स्टुलावर एक कलिंगड ठेवलं, डोकं म्हणून. लवू गच्चीवर एक पोतं नारळ घेऊन उभा राहिला. त्याने नेम धरून नारळ सोडायचा, कलिंगड फुटायचं, आणि आपलं डोकं कलिंगडाहून फार कठीण नसतं हे साहेबांनी समजून घ्यायचं. सगळं ऑफिस खिडक्यांत गोळा झालं होतं. भीमराजने वरच्या लवूला रुमाल दाखवला.

पहिला नारळ स्टुलाच्या उजवीकडे पडला. दुसरा डावीकडे. तिसरा बरोबर वरून येत होता, पण कलिंगडाजवळ येऊन वाऱ्याने जरासा सरकला आणि साहेबांच्या स्कूटरचा आरसा घेऊन गेला. लवू गच्चीवरून म्हणाला, मी नेम सरळच धरतोय, नारळच बाजूला होतोय. चौथा पायरीच्या कठड्यावर पडला आणि भीमराज म्हणाला तसा कठडा खरंच सैल निघाला. पोतं रिकामं झालं, अंगणभर करवंट्या आणि पाणी झालं आणि मध्ये स्टुलावर कलिंगड हिरवंगार, ओरखडासुद्धा नाही.

जयवंतरावांनी वर पाहिलं. लवूच्या चेहऱ्यावर आरशाची लाज होती आणि डोळ्यांची खात्री. नारळाच्या.

साहेबांनी कलिंगड कापायला सांगितलं आणि फोड खाता खाता निर्णय दिला. नारळ डोक्यावर पडत नाही हे आज माझ्यासमक्ष सिद्ध झालेलं आहे. भीमराजने विचारलं, आरशाचं काय लिहू. साहेब म्हणाले, आरसा म्हणजे डोकं नव्हे.

एवढ्यावर थांबले असते तर ते साहेब कसले. त्यांनी माडावर पाटी लावायची ठरवली, 'हे झाड सुरक्षित आहे', आणि ती लावायला जातीने यायचं ठरवलं, म्हणजे लोकांच्या मनातली भीती कायमची जाईल. ठरलेल्या सकाळी माडाला झेंडूची माळ होती, बाकावर सतरंजी होती, मुलं समोर बसली होती आणि मालनताईंनी सक्त ताकीद देऊन सगळ्यांची डोकी मोकळी ठेवली होती. जयवंतरावांनी ती मोकळी डोकी एकदा मोजून घेतली. ते बादली हातात घेऊन सगळ्यांच्या मागे उभे होते. डोक्यावर घालणार नाही अशी शपथ वनमालाबाईंनी त्यांच्याकडून घेतली होती. स्वतःच्या डोक्यावर, एवढंच ते बोलले होते.

साहेब बाकावर चढून उभे राहिले. वर माडाने झावळ्या हलवल्या. भाषण भीतीबद्दल होतं. माणूस भित्रा असतो, असं साहेब म्हणत होते, जे झालेलंच नाही त्याची काळजी करण्यात तो अर्धं आयुष्य घालवतो. जयवंतरावांना हे भाषण आपल्यावरच आहे हे कळत होतं आणि मान वर करून ते ऐकत होते. म्हणूनच त्यांना दिसलं. घडातला एक नारळ बाकीच्यांपेक्षा पिवळा पडला होता आणि वारा नसतानाही हलत होता.

बादल्यांच्या माणसाने त्या क्षणी विचार केला नाही. तो समोरच्या मुलांमधून वाट काढत, दोघांच्या डब्यांवर पाय देत धावला, बाकावर उडी मारली आणि पालिकेच्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर लाल बादली पालथी घातली.

त्याच वेळी ठण्ण झालं.

असा आवाज नाहूरला कुणी ऐकला नव्हता. देवळातली घंटा आणि तव्यावर पडलेला पाटा यांच्यामधला. नारळ बादलीवरून उडाला, पाटीवर आदळला, पाटी उलटी झाली आणि नारळ घरंगळत जाऊन जानकीबाईंच्या पायाशी थांबला. साहेब उभेच होते, पण हनुवटीपर्यंत बादलीत. बादलीच्या गोल तळाला भला मोठा पोचा आला होता आणि धोतर असं काही दाबून बसलं होतं, की बादली वर येईना.

आतून आवाज आला. काय बोलतात ते कळेना, पण भाषण नव्हतं एवढं नक्की.

भीमराजने कडी ओढून पाहिली. लवूने साहेबांना बाकावर बसवून गुडघा खांद्याला लावून पाहिलं. मुलांच्या डोळ्यांत इतका आनंद कुठल्याच स्नेहसंमेलनात दिसला नव्हता. तेवढ्यात छोट्या शकूने पुढे होऊन साहेबांच्या हाताला हात लावला आणि अनुभवी माणसाच्या धीराने सांगितलं, "काका, घाबरू नका. गाणं म्हणायचं."

वनमालाबाई तेलाची बाटली घेऊन जिना उतरल्याच होत्या. त्यांनी कडेने तेल सोडलं, दोन्ही हातांनी बादली हळूहळू फिरवली आणि एका लहानशा आवाजासह चंद्रप्रकाश साहेब पुन्हा जगात आले. केसांतून, भुवयांवरून, सफारीच्या कॉलरवरून खोबरेल निथळत होतं. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग घाईने रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून म्हणाले, "भीमराज, लिहून घ्या. मला काही झालेलं नाही."

जयवंतरावांचा चेहरा उजळला. साहेबांच्या तोंडून त्यांचं वाक्य आलं होतं. पण भीमराजने पेन काढून विचारलं, की तेल सोडावं लागलं, तेव्हा अपघात तर झालाच, तारीखही आहे. मग कारण काय लिहू? साहेबांनी विचार केला. नारळ लिहावं तर पाटी त्यांनीच लावलेली. ते म्हणाले, "बादली."

आठवड्याभरात माडावर नवी पाटी आली. 'या झाडाखाली बादली आणण्यास सक्त मनाई आहे.' जयवंतरावांनी ती वाचली, घरी आले आणि पोचा आलेली बादली मांडीवर घेऊन गॅलरीत बसून राहिले. लवू चहाला आला होता. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. बादलीच्या पोच्यावरून बोट फिरवून तो म्हणाला, "जयवंता, एका नारळाचो डोळो कमजोर असात." मालवणच्या माणसाकडून एवढी कबुली मिळणं म्हणजे पदकच, पण जयवंतरावांना ते कळायला थोडा वेळ लागला.

आणि मग त्याच महिन्यात एक गंमत झाली. टेकडी वॉर्ड ऑफिसातली सत्यनारायणाची पूजा नेहमी माघात असायची. त्या वर्षी साहेबांना ती आषाढातच घालावीशी वाटली. कलशावर ठेवायला नारळ हवा, म्हणून उद्यान खात्याचा माणूस कमरेला कोयता लावून बालवाडीच्या माडावर चढला. एका कलशाला एकच नारळ लागतो. त्याने अख्खं झाड उतरवलं, अगदी कोवळी शहाळीसुद्धा. कागदोपत्री कुठेही धोका हा शब्द नव्हता. बादली हाही नव्हता. पुढे नारळ धरले की साहेबांना पुन्हा पूजा आठवे. त्या वॉर्डाइतकं भाविक ऑफिस आसपास कुठेच नव्हतं.

त्यानंतर माडावरून एकही नारळ पडला नाही. लोक विसरून गेले. नवीन बिऱ्हाडं आली. त्यांना कुणी घाडीकाकांची गोष्ट सांगितली की ती हसून म्हणत, इतकी वर्षं झाली, इथे कधी नारळ पडलेला बघितला नाही, काकांनी उगाच केवढा गाजावाजा केला. आधी जयवंतराव यावर वाद घालायचे. मग घालेनासे झाले. मुलं मात्र बाकाजवळून जाताना अजून एक हात डोक्यावर ठेवत. नवी मुलं जुन्यांचं बघून ठेवत, आणि का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

जयवंतराव रोज मुलं यायच्या आधी त्या बाकावर जाऊन बसत. आधी एकदा वर बघत, मग पेपर उघडत. फाटक उघडून शेवटचं मूल आत गेलं की उठून घरी येत. वनमालाबाई भाजी चिरता चिरता, मान वर न करता विचारत, "काय झालं?"

जयवंतराव चपला काढत, खुंटीवरच्या लाल बादलीत परत भरलेली वाळू बोटाने चाचपून कोरडी आहे ना ते पाहत, आणि गिरणीत साहेबांसमोर उभे राहत तसे ताठ उभे राहून सांगत, "काही झालं नाही."